गाडीचं ऑइल घरी बदलायचं, तर काय काय आणू?

प्रश्न : जुनी अल्टो घेतली आहे. गाव दिग्रसपासून 20 किलोमीटर आत. नुसतं इंजिन ऑइल बदलायला गॅरेजात गेलं तरी अख्खा दिवस मोडतो. आता घरीच बदलीन म्हणतो. पाने आहेत, गाडीसोबतचा जॅक आहे. आणखी काय लागेल, काका?
– एक वाचक, दिग्रस तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, आधी जॅकचं बोलतो. गाडीसोबतचा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. एस.टी.च्या वर्कशॉपात मी 31 वर्षं काढली, पण हे मला शिकवलं माझ्याच वावरानं. निवृत्तीनंतरच्या श्रावणात धुऱ्याजवळ गाडी उचलली होती. ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं तेल खाली सोडायचा बोल्ट, सैल करतो न करतो तोच जॅक एका अंगानं रुतायला लागला. पुतण्यानं पाय धरून ओढलं म्हणून वाचलो. आपली काळी माती वरून कडक, आतून लोणी. म्हणून पहिला खर्च दोन जॅक स्टँडचा, दोन किंवा तीन टनांचे घ्या. कोबा नसेल तर स्टँडखाली जाड सागवानी फळी टाका, मागच्या चाकांना दगड लावा. विटांची चळत अजिबात नको. वजनाखाली वीट कधी फुटेल, नेम नाही.

ड्रेन बोल्टला रिंग पानाच लावा, फिक्स पान्यानं कडा झिजतात. बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. जुन्यातून तेल झिरपतं, मग लोक बोल्ट आवळत सुटतात आणि चेंबरचे, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचे, आटे जातात. चहाच्या पैशांच्या वॉशरपायी चेंबर गेलेला मी किती वेळा पाहिला आहे!

तेलाबरोबर ऑइल फिल्टरही नवा लावायचा. जुना हातानं निघाला नाही तर साखळीचा फिल्टर पाना लागेल. जुन्याचं रबर कधी कधी इंजिनालाच चिकटून राहतं. बोटानं चाचपून बघा. रबरावर रबर बसलं की तेल बाहेर फेकलं जातं. नव्याच्या रबराला तेलाचं बोट फिरवा आणि फिल्टर हातानंच आवळा.

रुंद घमेलं, नरसाळं, लुगड्याच्या चिंध्या घरात असतीलच, हातमोजे तेवढे आणा. गाडी पाच मिनिटं चालवून तेल कोमट करा, म्हणजे गाळासकट उतरतं.

नवं तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच, सीलबंद डब्यातलं. पाव-अर्धा लिटर हाती राखून ओता, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा. मग गाडी सपाट जागी ठेवून डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, पाहा आणि वरच्या खुणेपर्यंत बेताबेतानं भरा. रिकामा डबा भंगारात देण्याआधी भोक पाडा, नाहीतर त्यातच नकली तेल भरून विकतात.

जळकं ऑइल लोक धुऱ्यावर, नाहीतर सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या, तणावर ओततात. भाऊ, हात जोडून सांगतो, हे करू नका. पावसाच्या पाण्याबरोबर ते आपल्याच विहिरीकडे जातं. 2016 च्या नियमांत ते घातक कचऱ्यात धरलं आहे. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवा. दिग्रसला जाल तेव्हा ज्या गॅरेजातून नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडे तेल जातं, तिथं द्या. आणि हे विचारूनच कॅन हातातून सोडा.