वाचकांचे प्रश्न : टूरिंग बाइकला ट्रेलरचा हिच

गेल्या अंकात ट्रेलर ओढण्याविषयी दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही म्हणून पुन्हापुन्हा विचारलेलं तेवढं घेतोय. हिच म्हणजे बाइकच्या मागे बसवायचा ट्रेलरचा जोड, त्याच्या टोकाला गोल बॉल असतो आणि ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाचा कपलर टोपीसारखा त्या बॉलवर बसतो.

प्रश्न : माझी मोठी टूरिंग बाइक आहे. ओळखीचा वेल्डर म्हणतो, मागच्या बॅगांच्या गार्डलाच अँगल वेल्ड करून बॉल बसवून देतो, बाजारातला तयार हिच कशाला घेताय. चालेल का?

नाही चालणार, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय. बॅगांचा गार्ड असतो बाइक पडली तर बॅग वाचवायला. ट्रेलर नुसता मागे ओढत नाही हो, ब्रेक मारला की पुढे ढकलतो, खड्ड्यात वरखाली हिसके देतो, वळणावर बाजूला ताण देतो, आणि हे सगळं हजारो वेळा. असा लोड थेट फ्रेमवरच गेला पाहिजे. त्यामुळे तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेला हिच घ्या, जो फ्रेमच्या मूळच्या बोल्टच्या जागा वापरतो. फ्रेमला नवीन भोक पाडायचं नाही, फ्रेमवर वेल्डिंग तर अजिबात करायचं नाही.

त्याआधी बाइकचं मॅन्युअल उघडून बघा. बऱ्याच कंपन्या सरळ नको म्हणतात. होंडा गोल्डविंगला लोक इतके ट्रेलर लावतात, पण होंडाच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय की ही गाडी ट्रेलर ओढायला बनवलेली नाही. म्हणजे वॉरंटी आणि विम्याचं काय होणार हे आधी विचारून घ्या, आणि तुमच्याकडे ट्रेलरचा कायदा काय आहे तेही, मग पाना हातात घ्या.

बसवताना लोकांची एक चूक हमखास होते. पहिला बोल्ट लावला की लगेच आवळून टाकतात, मग तिसऱ्या-चौथ्या बोल्टचं भोक जुळत नाही, मग पहार घालून ब्रॅकेट वाकवतात आणि तो ताण कायमचा आत राहतो. असं करू नका. सगळे बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे फिरवून ठेवा, बॉल बाइकच्या बरोब्बर मधोमध आहे ना ते मागून बघा, आणि मग टॉर्क रेंचने (म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने), हिचच्या कागदावर दिलेल्या आकड्याला, थोडा इकडे थोडा तिकडे असं करत आवळा. नायलॉनवाले लॉक नट एकदा काढले की नवीनच लावायचे. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आणि ब्रॅकेट लोखंडी असेल तर दोघांच्या मध्ये पाणी शिरून अ‍ॅल्युमिनियम खायला लागतं, पांढरी पूड दिसते तिथे, म्हणून ब्रॅकेटचा रंग जिथे खरवडला असेल तिथे आधी रंग मारून घ्या. सायलेन्सरपासून अंतर आणि सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर काही घासतंय का हेही बघून घ्या. मागचं चाक पंक्चर झालं तर हिच न काढता चाक निघतंय का हे मात्र घरीच करून बघा, रस्त्यात कळलं तर फार उशीर होतो.

आणि पहिल्या ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा चेक करायचे. रंग आणि धातू दबून बसतात, बोल्ट सैल पडतो, त्यात बसवणाऱ्याची चूक नसते.

प्रश्न : बॉल कोणत्या साइजचा घ्यावा?

कपलरवर जो आकडा कोरलाय तोच, दुसरा नाही. बाइकच्या ट्रेलरना बऱ्याचदा १ ७/८ इंची बॉल असतो म्हणजे ४७.६ मिमी, २ इंची म्हणजे ५०.८ मिमी, आणि युरोपी ट्रेलरला ५० मिमी. दिसायला सगळे सारखेच. २ इंची कपलर १ ७/८ च्या बॉलवर बसतो, लॅचही (कपलरची खिटी) लागल्यासारखा वाटतो आणि एका मोठ्या गचक्यात सुटतो. लॅच लावल्यावर ट्रेलरचा दांडा हाताने वर ओढून बघायची सवय लावा, बाइकचं मागचं सस्पेन्शन वर उचललं गेलं तर बसलंय. कपलर शक्यतो फिरणारा घ्या, कारण कारसारखी बाइक सपाट वळत नाही, ती कलते.

प्रश्न : ऐंशीच्या पुढे गेलं की ट्रेलर मागे शेपटीसारखा हलायला लागतो, हँडलपर्यंत जाणवतं. हिच खराब आहे का?

हिच असू शकतो पण आधी वजन बघा. मी स्वतः या चुकीतून गेलोय. पहिल्या मोठ्या ट्रिपला तंबू, स्वयंपाकाची भांडी, पाण्याचे कॅन सगळं ट्रेलरच्या मागच्या भागात भरलं, कारण मागचं झाकण उघडलं की हाताशी येतं. एका लांब उतारावर ट्रेलर असा डुलायला लागला की मला बाइक कुठे चाललीय तेच कळेना. थ्रॉटल हळूच सोडला, ब्रेकला हात लावला नाही, हँडलशी कुस्ती केली नाही, आणि स्पीड उतरला तसा तो शांत झाला. कडेला थांबून कपलर उचलून बघितला तर एका हाताने, दोन बोटांनी म्हटलं तरी चालेल, वर आला. बॉलवर वजनच नव्हतं.

भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार बॉलवर हवा. ट्रेलर भरून १५० किलो असेल तर बॉलवर १५ किलोच्या आसपास. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवा, ठोकळ्याची उंची अशी घ्या की कपलर बाइकला जोडल्यावर जितका वर असतो तितकाच राहील, ट्रेलर सपाट जमिनीवर, आणि आकडा वाचा. कमी आला तर सामान पुढे सरकवा, जड सामान एक्सलच्या जरा पुढे आणि तळाला. पण पुढे पुढे किती, तर बॉल मागच्या चाकाच्याही मागे असतो ना, त्याच्यावर जास्त भार आला की पुढचं चाक हलकं होतं, स्टीअरिंग पोकळ वाटतं आणि पुढचा ब्रेक नीट धरत नाही. तेही धोक्याचंच.

वजन बरोबर असूनही हलत असेल तर ट्रेलरच्या टायरची हवा बघा, कपलर बॉलवर खडखडतोय का बघा (बहुतेक कपलरला खाली ॲडजस्ट करायचा नट असतो), चाकाच्या बेअरिंगमध्ये प्ले म्हणजे ढिलेपणा आहे का बघा, आणि मग हिचचे बोल्ट. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोडही, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवायला विसरू नका. बॉलवरचं वजन बाइकच्या एकूण परवानगीच्या वजनात धरायचं, म्हणजे तुम्ही, मागे बसणारी व्यक्ती, बॅगा आणि बॉलवरचा भार सगळं मिळून. पुष्कळ जणांचं इथेच गणित चुकतं, दोघं बसले आणि बॅगा भरल्या की लिमिट जवळजवळ संपलेलंच असतं.

प्रश्न : ट्रेलरचे दिवे बाइकच्या वायरला जोडले आणि फ्यूज उडाला. काय चुकलं?

थेट जोडलंत हेच चुकलं. मध्ये आयसोलेटर लागतो, म्हणजे बाइकची वायर फक्त सिग्नल देते आणि ट्रेलरच्या दिव्यांचा करंट बॅटरीवरून वेगळ्या फ्यूजमधून येतो. शिवाय चार वायरच्या चपट्या कनेक्टरमध्ये ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वायरवर असतात आणि बाइकला ते वेगवेगळे, म्हणून ते दोन सिग्नल एकत्र करणारा कन्व्हर्टर घ्या नाहीतर सरळ पाच वायरची जोडणी करा. अर्थिंगला वेगळी वायर ओढा, बॉलमधून अर्थ मिळतो म्हणून गप्प बसू नका, बॉलवर ग्रीस असतं आणि दिवे लुकलुकतात.

प्रश्न : हिचला मेंटेनन्स म्हणून नक्की काय करायचं?

बघायचं, आणि हाताने चाचपायचं. फडक्याने ब्रॅकेट पुसून बॅटरीच्या उजेडात प्रत्येक वेल्डच्या कडेने बघा, रंगात केसाएवढी रेघ आणि तिच्यातून उतरलेला तांबूस ओघळ दिसला तर ती चीर आहे, त्यावर रंग मारून पुढे जायचं नाही, ट्रेलर तिथेच सोडायचा. बोल्टच्या डोक्याभोवती तांबडी बारीक पूड दिसली तर जोड आतल्या आत घासतोय, म्हणजे सैल आहे. मी प्रत्येक नटावर आणि ब्रॅकेटवर मिळून पेंट मार्करने एक सरळ रेघ मारतो, रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे वाकून बघताक्षणी कळतं.

बॉलवर ग्रीसचा पातळ हात पुरे, पण जुनं ग्रीस आधी पुसा, त्यात धूळ मिसळली की ते पॉलिश पेपरसारखं काम करतं. पिन, क्लिप, सेफ्टी चेन दर वेळी. चेन दांड्याच्या खालून क्रॉस करून लावा म्हणजे कपलर सुटला तरी दांडा जमिनीत न घुसता चेनच्या झोळीत पडेल. ट्रेलरची चाकं लहान, त्यामुळे तेवढ्याच अंतरात ती बाइकच्या चाकापेक्षा खूप जास्त फिरतात, बेअरिंग लवकर तापतं, लांबच्या प्रवासात थांबलात की हबला हात लावून बघा.

प्रश्न : पहिल्यांदाच ट्रेलर जोडतोय, एखादी टिप?

रिकाम्या मैदानात, रिकामा ट्रेलर घेऊन अर्धा दिवस घाला. ब्रेक मारून बघा, थांबायला अंतर जास्त लागतं ते अंगात मुरलं पाहिजे, आणि ब्रेक बाइक सरळ असतानाच मारायचा, वळणात कललेली असताना मागून धक्का आला तर सावरणं कठीण. खड्डा तुम्ही चुकवाल पण ट्रेलरची दोन चाकं तुमच्या दोन्ही बाजूंनी येतायत, त्यातलं एक त्यात जाणारच, म्हणून रस्ता तीन रेघांचा बघायचा, एक तुमची आणि दोन त्याच्या. आणि पेट्रोल पंपावर वळताना रुंद घ्या, आतलं चाक तुमच्यापेक्षा आतून येतं आणि कठड्यावर चढतं.