वजन उतरेल, पण एलडीएलचं वेगळं बघावं लागेल

प्रिय मित्रा,

तुझा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट, बघितला, आणि खाली तू जे लिहिलंयस तेही वाचलं, की लठ्ठपणाची सर्जरी झाली की वजन जाईल, वजन गेलं की कोलेस्टेरॉल जाईल, मग गोळ्या बंद. यातलं अर्धंच बरोबर आहे रे. उरलेल्या अर्ध्याची मला काळजी वाटते म्हणून सविस्तर लिहितोय.

ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) ३१० आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४ हे दोन आकडे वजनाशी घट्ट जोडलेले आहेत. पोटात चरबी साठली की इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, मग चरबीच्या पेशींमधून फॅटी ॲसिड लिव्हरकडे येतच राहतात आणि लिव्हर त्यांचं ट्रायग्लिसराइड करून परत रक्तात सोडतं, ते वाढलं की एचडीएल लवकर संपतं आणि एलडीएलचे, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचे, कण बारीक आणि जास्त त्रासदायक होतात. ही सगळी साखळी वजन उतरलं की सैल पडते. त्यासाठी सर्जरीच लागते असंही नाही, ५ ते १० टक्के वजन कमी झालं तरी ट्रायग्लिसराइड छान खाली येतं, आणि साखर, गोड ड्रिंक्स, दारू बंद केलीस तर काही आठवड्यांतच फरक दिसतो. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं हवंच. फक्त एक लक्षात ठेव, वजन झपाट्याने उतरत असताना एचडीएल थोडं घसरू शकतं, वजन स्थिरावलं की ते वर येतं, त्यामुळे मधलाच एखादा रिपोर्ट बघून घाबरू नकोस.

आता तुझं एलडीएल, १६५. इथे नुसतं वजन पुरत नाही, कुठली सर्जरी हे महत्त्वाचं ठरतं. स्लीव्ह नावाच्या सर्जरीत जठर लहान होतं पण अन्नाचा रस्ता तोच राहतो, त्यात ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल सुधारतं, एलडीएल बहुतेकांचं फारसं हलत नाही. गॅस्ट्रिक बायपासमध्ये (हृदयाचं बायपास नव्हे) अन्नाचा रस्ताच बदलतो आणि एलडीएलही बऱ्यापैकी खाली येतं. स्वीडनमध्ये १९८७ ला सुरू झालेल्या एसओएस या लठ्ठपणाच्या सर्जरीवरच्या स्टडीत हेच दिसलं, दहा वर्षांनीही ट्रायग्लिसराइड आणि एचडीएलमध्ये सर्जरीवाले पुढे होते पण वाढलेल्या कोलेस्टेरॉलमध्ये सर्जरी केलेल्या आणि न केलेल्या गटांत तसा फरक नव्हता, कारण त्यातल्या बहुतेक सर्जरी जठर लहान करणाऱ्या होत्या, बायपास थोडेच. आणि १९९० मध्ये छापून आलेली पॉश ट्रायल तर मला फार महत्त्वाची वाटते. हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ८३८ लोकांवर ती झाली, त्यातल्या निम्म्यांच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग बायपास केला, हेतू वजन कमी करणं नव्हताच, आणि एलडीएल ३८ टक्क्यांनी कमी भरलं! कारण पित्ताची आम्लं परत शोषली जात नाहीत, मग नवी बनवायला लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. म्हणजे एलडीएलची किल्ली बरीचशी आतड्यात आणि लिव्हरमध्ये आहे, वजनकाट्यावर नाही.

म्हणून तू स्लीव्हच कर किंवा बायपासच कर असं मी सांगणार नाही, बायपासमध्ये आयर्न, बी १२, कॅल्शियम कमी पडण्याचा धोका जास्त असतो आणि सप्लिमेंट आयुष्यभर घ्यावी लागतात. पण सर्जनना स्पष्ट विचार की माझ्या एलडीएलचं काय होणार. आणि स्टॅटिन, म्हणजे तुझी कोलेस्टेरॉलची गोळी, स्वतःहून बंद करू नकोस, वजन कितीही उतरलं तरी. सर्जरीनंतर टेस्ट रिपीट होतील, त्या आकड्यांवरून डॉक्टर ठरवतील गोळी कमी करायची की तशीच चालू ठेवायची. काहींना ती कायम लागते, त्यात तुझं काही चुकलं असं अजिबात नाही.

अजून एक, बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, बाकीच्या आकड्यांवरून काढतात, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की तो हिशोब चुकतो. तुझं तेवढं नाहीये, तरी पुढच्या वेळी डायरेक्ट एलडीएल करून घेता येईल का ते विचार.

घरात कोणाला कमी वयात हार्ट अटॅक आलाय का, आईवडिलांचं कोलेस्टेरॉल किती आहे, हे मला कळव. एलडीएल आनुवंशिक असेल तर सर्जरीच्या आधीच त्याचा वेगळा विचार करावा लागेल, ते उत्तर आलं की पुढचं बोलू.