नोकरी सांभाळून फिजिशियन असिस्टंटला ऑनलाइन डॉक्टरेट करता येते का?

फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करणारा प्रशिक्षित सहायक) म्हणून कोल्हापुरातील रुग्णालयात पाळीची नोकरी करताना ऑनलाइन डॉक्टरेट मिळवावी का, असा आपला प्रश्न आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीनुसार भारतात पीएच.डी. ऑनलाइन किंवा दूरशिक्षण पद्धतीने देता येत नाही. म्हणून 'घरबसल्या पीएच.डी.' अशा जाहिरातींना कृपया पैसे देऊ नका.

अमेरिकेत मात्र नोकरदार असिस्टंटांसाठी 'डॉक्टर ऑफ मेडिकल सायन्स' ही पदवी प्रामुख्याने ऑनलाइन शिकवली जाते. ती संशोधनाची पीएच.डी. नसून व्यावसायिक डॉक्टरेट आहे, आणि तिच्यामुळे भारतात स्वतंत्रपणे रुग्ण तपासून औषधे लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही. प्रवेशासाठी अनेक ठिकाणी तिकडचीच पात्रता लागते, हेही शुल्क भरण्याआधी विचारून घ्यावे.

माझ्या मते आपल्यासाठी खरा मार्ग अंशकालीन पीएच.डी.चा आहे, कारण यूजीसीची तीच नियमावली त्यास परवानगी देते. त्यासाठी साधारणपणे ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी आणि नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल व गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (संशोधनाआधीच्या वर्गातील अभ्यासक्रमासाठी) कामातून मोकळीक दिली जाईल, असे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे लागते. किमान कालावधी ३ वर्षांचा असतो. शिवाजी विद्यापीठात किंवा कसबा बावड्याच्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात आपल्या विषयाला मार्गदर्शक उपलब्ध आहे का, याची चौकशी सर्वांत आधी करावी.