बे एरियातून आई-बाबांना घेऊन स्टेट पार्क्सची रोड ट्रिप करायची आहे, पाच-सहा दिवसांत काय काय जमेल?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये आई-बाबा येतायत, बाबांचे गुडघे दुखतात, योसेमिटीची गर्दी नकोय आणि पाच-सहा दिवसांत कॅलिफोर्नियातली जमतील तेवढी स्टेट पार्क्स आणि रिक्रिएशन एरियाज बघायचे आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो, ते "जमतील तेवढी" डोक्यातून काढून टाका. राज्यात अशी २८० च्या आसपास ठिकाणं आहेत, त्यातली दहा-बारा पळत पळत केलीत तर आई-बाबांच्या लक्षात फक्त पार्किंग लॉट राहतील. त्यापेक्षा एकच पट्टा धरा. मी उत्तरेकडचा रेडवुड या उंचच उंच झाडांचा किनारा सांगेन, मेंडोसिनोपासून वर क्रेसंट सिटीपर्यंत. बाबांच्या गुडघ्यांना यापेक्षा सोयीचं ठिकाण मला तरी माहीत नाही कारण इथे झाडं अगदी रस्त्याला लागून आहेत, गाडीतून उतरायचं, सपाट वाटेवर पाच मिनिटं चालायचं आणि तीनशे फुटी झाडांच्या मधोमध उभं राहायचं, चढण नाही, दगडधोंडे नाहीत.

स्टेट पार्क आणि रिक्रिएशन एरिया यात काय निवडायचं हेही विचारलंय ना? साधा हिशोब आहे. स्टेट पार्कमध्ये मुख्य काम ती जागा जपण्याचं, म्हणजे जंगल, किनारा, पक्षी-प्राणी. रिक्रिएशन एरिया हा मुळात लोकांनी पाण्यात डुंबावं, बोट चालवावी, मासे धरावेत यासाठी असतो आणि त्यातले बरेचसे धरणांच्या जलाशयावर आहेत, फॉल्सम लेक, लेक ओरोव्हिल वगैरे. मुलं बरोबर असतील, बोट भाड्याने घ्यायची असेल तर मजा आहे, पण जूनच्या उन्हात आई-बाबांना फॉल्समच्या काठावर बसवून काय मिळणार? म्हणून या ट्रिपमध्ये रिक्रिएशन एरिया एकच ठेवा, वाटेवरचा, त्याबद्दल खाली लिहितो.

आता बुकिंग, कारण ट्रिप तिथेच ठरते, गुगल मॅपवर नाही. स्टेट पार्कचे कॅम्पसाइट आणि केबिन 'रिझर्व्ह कॅलिफोर्निया'च्या साइटवर मिळतात आणि बहुतेक ठिकाणी बरोबर सहा महिने आधी सकाळी ८ वाजता तारीख उघडते. म्हणजे १० जून हवा असेल तर १० डिसेंबरला आठच्या ठोक्याला लॉग इन करून बसलेले लोक आहेत आणि उन्हाळ्यातले शुक्रवार-शनिवार ते बघता बघता संपवतात. तुमचं ते हुकलंय, पण घाबरू नका, कॅन्सलेशन सतत होत असतात, रोज चहाच्या वेळेला एकदा बघत जा आणि रविवार ते गुरुवार अशाच रात्री शोधा. आई-बाबांना तंबूत झोपवू नका असं मी म्हणेन, खाली झोपून उठणं गुडघ्यांना जड जातं आणि त्या किनाऱ्यावर जूनमध्येसुद्धा रात्री चांगलीच थंडी पडते. केबिन मात्र जरूर बघा, हेन्डी वूड्स, प्रेअरी क्रीक आणि जेडेडाया स्मिथ या तिन्ही पार्कांत छोट्या लाकडी केबिन आहेत. अंथरूण-पांघरूण आपलं न्यायचं, बाथरूम बाहेर चालत जाऊन, आत स्वयंपाक करायचा नाही. हे आई-बाबांना आधी नीट सांगा आणि ते हो म्हणाले तर एक रात्र तरी तिथे काढाच. बाकीच्या रात्री सरळ मोटेल.

पासचं म्हणाल तर नॅशनल पार्कचा वार्षिक पास स्टेट पार्कला सहसा चालत नाही, दोन्ही वेगवेगळी खाती आहेत. स्टेट पार्कचा पास विकत घेण्याआधी तुमच्या गावातल्या पब्लिक लायब्ररीत विचारा, कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच लायब्रऱ्या पुस्तकासारखाच पार्किंगचा पास घरी नेऊ देतात, तो आरशाला लटकवला की दोनशेहून जास्त स्टेट पार्कांत दिवसाचं पार्किंग फुकट. इतकी चांगली सोय आहे आणि आपल्या लोकांपैकी फार थोड्यांना माहीत असते.

रूट असा धरा. पहिल्या दिवशी सकाळी लवकर निघून हायवे १०१ ने क्लोव्हरडेल आणि तिथून हायवे १२८ वर डावीकडे. हा रस्ता वळणांचा आहे, आईला गाडी लागत असेल तर पुढे बसवा आणि गोळी आधीच द्या. वाटेत फायलोजवळ हेन्डी वूड्स स्टेट पार्क लागतं, तिथे व्हीलचेअरसुद्धा जाईल अशी सपाट वाट जुन्या रेडवुडमधून काढलेली आहे, डबा खायला हीच जागा. पुढे १२८ नॅव्हॅरो नदीच्या काठाने अकरा मैल रेडवुडच्या सावलीतून जातो आणि मग एकदम समोर समुद्र येतो. मुक्काम फोर्ट ब्रॅगला, मेंडोसिनो दिसायला सुंदर आहे पण राहायला महाग.

दुसरा दिवस पूर्ण किनाऱ्यावरच, गाडी फार चालवायची नाही. रशियन गल्च स्टेट पार्कमध्ये डेव्हिल्स पंचबाउल म्हणून समुद्राच्या गुहेचं छत कोसळून झालेला प्रचंड खड्डा आहे, खालून बोगद्यातून लाटा आत येतात, पार्किंगपासून अगदी जवळ. मॅकेरिकर स्टेट पार्कला लगुना पॉइंटला लाकडी फळ्यांची सपाट वाट आहे, टोकाला खडकांवर सील लोळत पडलेले दिसतात, दुर्बीण असेल तर न्या. ग्लास बीच पण इथेच, गावाचा जुना कचरा टाकायचा किनारा होता, त्या कचऱ्यातल्या काचा लाटांनी घासून गुळगुळीत झाल्यात. पण इन्स्टाग्रामवर दिसतो तेवढा खच आता उरलेला नाही कारण लोकांनी खिसे भरभरून नेल्या, अर्धा तास पुरे, आणि एकही काच उचलायची नाही, मनाई आहे. एक महत्त्वाचं, या सगळ्या उत्तर किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका, शांत वाटणाऱ्या पाण्यातून अचानक एखादी मोठी लाट वरपर्यंत येते आणि माणसं ओढली जातात. गोव्याच्या किंवा अलिबागच्या किनाऱ्याची सवय असलेल्या आई-बाबांना हे मुद्दाम सांगावं लागतं, पाय भिजवायला पुढे जाऊ नका म्हणून.

तिसऱ्या दिवशी हायवे १ ने लेगेटला, वळणं पहिल्या दिवसापेक्षा जास्त, सावकाश जा. लेगेटच्या थोडं पुढे १०१ वरच स्टँडिश-हिकी स्टेट रिक्रिएशन एरिया, हाच तो एक. किनाऱ्यावर धुकं आणि स्वेटर, आणि इथे आत आलात की कडक ऊन, ईल नदीच्या साउथ फोर्कमध्ये लोक डुंबत असतात. डुंबायच्या जागेपर्यंत खाली उतरावं लागतं, बाबांना वर सावलीत बसू दे. ऑगस्ट-सप्टेंबरला पाणी कमी झालं की या नदीत विषारी शेवाळ धरतं, जूनमध्ये त्रास कमी, तरी बोर्ड वाचूनच पाण्यात उतरा.

आणि त्यानंतर अव्हेन्यू ऑफ द जायंट्स. हा जुना १०१, नव्या हायवेला समांतर, साधारण ३१ मैल, हम्बोल्ट रेडवुड्स स्टेट पार्कमधून जातो, याला फी नाही. लोक हा रस्ता तासाभरात गाडीतूनच संपवतात आणि पुढे जातात, तसं करू नका, आख्खी दुपार इथे द्या. वीओटजवळ व्हिजिटर सेंटर आहे, तिथे आधी थांबा, आत चार्ल्स केलॉग नावाच्या माणसाने १९१७ साली रेडवुडच्या एकाच ओंडक्यातून कोरून ट्रकवर बसवलेलं फिरतं घर ठेवलंय, ते घेऊन तो देशभर हिंडला, ही झाडं वाचवा म्हणून सांगत. त्या वेळी झाडं झपाट्याने तुटत होती, द्राक्षाच्या मळ्यांना खांब आणि रेल्वेला स्लीपर म्हणून. १९१८ ला सेव्ह द रेडवुड्स लीग स्थापन झाली आणि त्यांनी देणग्या गोळा करून रेडवुडच्या राया विकत घेऊन राज्याला द्यायला सुरुवात केली, म्हणून तुम्हाला जागोजागी कुणाकुणाच्या नावाच्या पाट्या दिसतील. महिला मंडळांच्या फेडरेशननेही पैसे जमवून एक राई वाचवली, तिथे ज्युलिया मॉर्गन या आर्किटेक्टने बांधलेली चार तोंडांची दगडी शेकोटी आहे, आईला ती जरूर दाखवा. मूळच्या जंगलातलं आता जेमतेम पाच टक्के शिल्लक आहे, हे माहीत असलं की त्या पाट्या वाचाव्याशा वाटतात.

फाउंडर्स ग्रोव्ह अर्ध्या मैलाची सपाट फेरी. तिथे डायरव्हिल जायंट आडवा पडलाय, ३६० फुटांच्या वर उंच होता, १९९१ मध्ये कोसळला. पडलेल्या झाडाच्या बाजूने चालत गेल्यावरच खरी उंची कळते, उभ्या झाडाचा शेंडा मान कितीही मागे टाकली तरी नीट दिसत नाही. मग मॅटोल रोडने रॉकफेलर फॉरेस्ट, रस्ता अरुंद आहे पण गर्दी खूप कमी. आपल्याकडच्या देवराईत शिरल्यावर माणूस आपोआप हळू बोलायला लागतो ना, तसंच इथे होतं. आरामात बसा, तासभर काही करू नका. झाडाच्या बुंध्यातून गाडी काढायची ती प्रसिद्ध ठिकाणं खाजगी आहेत, वेगळे पैसे घेतात, मला विचाराल तर सोडा. मुक्काम युरेका किंवा आर्काटाला, व्हेज जेवण आणि भाजीपाल्याची शेवटची बरी सोय तिथेच, पुढे फार काही मिळत नाही.

चौथा दिवस ट्रिनिडाडच्या पुढे सू-मेग स्टेट पार्क, पूर्वी पॅट्रिक्स पॉइंट म्हणायचे, २०२१ मध्ये इथल्या मूळच्या युरोक आदिवासींचं जुनं नाव परत दिलं. त्यांच्या पद्धतीची फळ्यांची घरं बांधलेली आहेत, सपाट जागा, बघा. अ‍ॅगेट बीचला मात्र चढ-उतार आहे, बाबांना नको. तिथून प्रेअरी क्रीक रेडवुड्स. १९९४ पासून प्रेअरी क्रीक, डेल नॉर्ट कोस्ट आणि जेडेडाया स्मिथ ही तीन स्टेट पार्क्स आणि रेडवुड नॅशनल पार्क यांचा कारभार एकत्र चालतो, त्यामुळे बोर्ड बघून गोंधळू नका. हायवे सोडून न्यूटन ड्रुरी पार्कवेने जा, दहा मैल, बिग ट्रीला गाडीतून उतरलं की लगेच पोचता. कुरणात एल्क हरणांचे कळप दिसतील, मे-जूनमध्ये त्यांची पिल्लं लहान असतात आणि माद्या चिडतात, ७५ फूट तरी लांब राहा, फोटोसाठी बाबांना पुढे उभं करू नका. फर्न कॅनियन सगळे सांगतील, सुंदरच आहे, पण १५ मे ते १५ सप्टेंबर गाडीसाठी आधी परमिट लागतं, रस्ता कच्चा आणि आत पाण्यातून, दगडांवरून चालायचं. गुडघे दुखत असतील तर मी नेणार नाही. जगातलं सगळ्यात उंच झाड हायपेरियन बघायचा हट्ट तर अजिबात नको, तिकडे जायला बंदी आहे, दंड मोठा आहे, आणि माणसांनी तुडवून त्याच्या बुंध्याभोवतीचं सगळं खराब केलंय म्हणूनच ती बंदी आली.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. या पार्कांत टेबलावर चिवडा, शेव, फरसाण काढलंत तर एक कणही खाली राहू देऊ नका. मार्बल्ड मरलेट नावाचा समुद्रपक्षी या जुन्या रेडवुडच्या जाड फांदीवरच्या शेवाळात एकच अंडं घालतो, समुद्रावरून मैलोन्मैल आत उडत येऊन. आपल्या सांडलेल्या खाण्यावर कावळे आणि 'जे' नावाचे निळे पक्षी जमतात आणि मग मरलेटचं अंडंही खातात. मरलेट आधीच कमी राहिलेत. निघताना टेबलाखाली वाकून बघा, मुलांना सांगतो तसं आई-बाबांनाही सांगा, ते चिमणीला दाणे टाकल्यासारखे प्रेमाने टाकतात. उरलेलं अन्न रात्री केबिनबाहेर नाही ठेवायचं, अस्वलं येतात, लोखंडी पेटी दिलेली असते त्यात ठेवा.

पाचव्या दिवशी जेडेडाया स्मिथ. माझ्या मते सगळ्यात देखणं हेच, म्हणून शेवटी ठेवलंय. हाउलँड हिल रोड कच्चा आणि अरुंद आहे पण साधी कार जाते, मोठी आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) असेल तर नाही. सकाळी लवकर जा म्हणजे समोरून गाड्या येत नाहीत. मधे स्टाउट ग्रोव्ह, अर्ध्या मैलाची फेरी, शेजारी स्मिथ नदीचं हिरवंनिळं पाणी, या नदीवर कुठेही मोठं धरण नाही. पार्किंगपासून राईपर्यंत थोडा उतार आहे, बाबांना हात द्या, काठी असेल तर उत्तम.

बरोबर काय घ्यायचं? जाड स्वेटर, कानटोपी (आईबाबांना जून म्हणजे उन्हाळा वाटतो, त्यांना पटणार नाही, तरी घ्या), इन्स्टंट पॉट, तांदूळ, मेतकूट, दशम्या. ऑफलाइन मॅप डाउनलोड करा, अव्हेन्यूवर आणि प्रेअरी क्रीकला फोनला रेंज नसते. गॅस युकाया, युरेका अशा मोठ्या गावांतच भरा, मधे महाग आहे. वाटेवरच्या झुडपात हात घालू नका, पॉयझन ओक ही अंगाला खाज आणणारी वनस्पती आहे.

परतीचं क्रेसंट सिटी ते सॅन फ्रान्सिस्को साधारण ३५० मैल, न थांबता सात तास, आणि १०१ वर क्रेसंट सिटीच्या दक्षिणेला दरड कोसळणाऱ्या भागात काम चालू असलं की तिथे थांबवून ठेवतात. एका दिवसात येता येतं, पण सहावा दिवस हाताशी असेल तर पाचव्या दिवशी दुपारी जेवून निघा, रात्री युरेकाला किंवा जमलं तर विलिट्सला थांबा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आरामात घरी पोचा.