माइक कुणाच्या हातात?

प्रश्न : आमची नागरी चर्चा रेडिओवरून थेट ऐकवली जाते, पण दर वेळी तेच चौघे बोलतात. घरी बसून ऐकणाऱ्यांचं काय?

उत्तर : माइक बोलणाऱ्याच्या हाती देऊच नका, स्वयंसेवकाने धरावा. सूत्रसंचालन करताना मी हेच करते. लांबलेलं भाषण आपसूक आवरतं. मागून कुणी माइकविना विचारलं तर प्रश्न स्वतः पुन्हा बोला, नाहीतर श्रोत्यांना नुसतं उत्तर ऐकू येतं. फार तुटल्यासारखं वाटतं हो त्यांना! कॅनडात १९४१ पासून शेतकरी शेजाऱ्याकडे जमून रेडिओवरची चर्चा ऐकत, आपसांत बोलत आणि मतं लिहून पाठवत. ती पुढच्या प्रसारणांत येत. तुम्हीही कार्यक्रम आलेल्या पत्रांनीच सुरू करा, अधिकाऱ्यांच्या भाषणाआधी.