नेब्युलस, नभ आणि आपलं आभाळ

प्रश्न असा आलाय की ऑफिसात साहेब ईमेलमध्ये 'द प्लॅन इज स्टिल नेब्युलस' असं लिहितात, तर या नेब्युलसचा नेमका अर्थ काय, व्हेग आणि अँबिग्युअसपेक्षा तो वेगळा आहे का, आणि मराठीत काय म्हणायचं.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो कारण ती मला फार खुपते. हल्ली हा शब्द भारी वाटतो म्हणून कुठेही चिकटवतात. फोटो नेब्युलस आलाय, डॉक्टरांचं अक्षर नेब्युलस आहे, फोनवर आवाज नेब्युलस येतोय. अरे फोटो ब्लर असतो, अक्षर गिचमिड असतं, आवाज तुटक येतो, या सगळ्याला चांगले शब्द आहेत ना. साहेबांनी मात्र शब्द बरोबर वापरलाय, त्यातला 'स्टिल' तर अगदी बरोबर, तो का ते पुढे येईलच.

फरक एकाच विषयावर बघू. 'सुरेशने रमेशला सांगितलं की त्याची बदली झाली', आता बदली सुरेशची की रमेशची? दोन अर्थ, दोन्ही स्वच्छ, कुठला घ्यायचा ते कळत नाही, हे अँबिग्युअस. 'बदली लवकरच होईल', लवकर म्हणजे आठवडा की वर्ष, हद्दच नाही, हे व्हेग. आणि बदल्यांचं नवीन धोरण येणार असं सगळे म्हणतायत, काहीतरी शिजतंय हे खरं, पण ते काय आहे हे ठरवणाऱ्यांनाही अजून माहीत नाही, ते धोरण नेब्युलस. म्हणजे अँबिग्युअसमध्ये घोळ वाक्यरचनेचा, व्हेगमध्ये ढिलाई शब्दांची, आणि नेब्युलसमध्ये ती गोष्टच अजून आकाराला आलेली नसते. डिक्शनरीत तिघांपुढे 'अस्पष्ट, संदिग्ध' असंच छापलेलं असतं आणि लोक तेवढ्यावरच थांबतात, म्हणून तर घोटाळे होतात.

आता खरी मजा. नेब्युलस आला लॅटिन नेब्युलावरून, नेब्युला म्हणजे धुकं, पातळ ढग. आणि हा नेब्युला आपल्या नभाचा सख्खा भाऊ. संस्कृत नभस्, ग्रीक नेफोस आणि नेफेली म्हणजे ढग, जर्मन नेबेल म्हणजे धुकं, रशियन न्येबो म्हणजे आकाश, सगळं एकाच घरातलं. हे नुसतं कानाला सारखं लागतं म्हणून नाही म्हणत मी, आवाज कसे बदलले याचा नियम आहे. संस्कृतातला शब्दामधला भ लॅटिनमध्ये ब होतो, ग्रीकमध्ये फ होतो, जर्मनमध्ये ब. पडताळा हवा तर नाभी घ्या, लॅटिनमध्ये उंबिलिकस, ग्रीकमध्ये ओंफालोस, जर्मनमध्ये नाबेल, इंग्रजीत नेव्हल. तीच चाल. अँबिग्युअसमधला अँबि पण आपल्या 'अभितः'चा नातेवाईक आहे, दोन्ही बाजूंनी, आणि त्याच्या मागचा आगेरे म्हणजे हाकणं, संस्कृत अज् धातू तोच. दोन्हीकडे हाकलं जाणारं ते अँबिग्युअस.

इथे दोन गटांशी माझं भांडण आहे. एक गट व्हॉट्सअ‍ॅपवाला, 'बघा, इंग्रजांनी नेब्युला आपल्या नभावरून उचलला'. कुणीही उचललेला नाही, आजी म्हणजे मूळ भाषा एकच, नातवंडं वेगवेगळी, लॅटिन काही संस्कृतची लेक नाही. दुसरा गट जास्त शिकलेला, तो 'न भाति इति नभः' अशी फोड सांगतो, जे चमकत नाही ते नभ. ही फोड जुनी आहे, परंपरेतली आहे, आदर आहे, पण ती चूक आहे आणि स्पष्ट चूक आहे. नभातला न जर नकाराचा असेल तर नेब्युलातला ने, नेफोसमधला ने, न्येबोतला न्ये हे पण नकार मानावे लागतील आणि ते तसे नाहीत. शब्दाला भाऊबंद आहेत हे माहीत नसताना केलेली फोड आहे ती, आता माहीत झाल्यावर तरी सोडायला नको का?

बरं, नभ म्हणजे मूळ आकाश की ढग? मूळ ढग, बाष्प, धुकं. याचा पुरावा आपल्याच घरात आहे. वैदिक महिन्यांची नावं चैत्र-वैशाख अशी नव्हती, मधु, माधव, शुक्र, शुचि अशी होती, यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत बाराच्या बारा आहेत, आणि त्यात वर्षा ऋतूचे दोन महिने म्हणजे नभस् आणि नभस्य. आपले श्रावण-भाद्रपद. आकाश काय बारा महिने असतंच की, मग पावसाच्या महिन्यांनाच नभस् का म्हणतील? ढग म्हणून. मेघदूतात 'प्रत्यासन्ने नभसि' आहे ना, त्याचं 'आकाशात जवळ आल्यावर' असं भाषांतर वाचलं की मला फार राग येतो. श्रावण जवळ आल्यावर, असा अर्थ आहे, मल्लिनाथाने टीकेत दिलेला आहे. त्यावरून मग काही जण 'आषाढस्य प्रथमदिवसे' खोडून 'प्रशमदिवसे' म्हणजे शेवटच्या दिवशी असं करतात, कारण काय तर श्रावण जवळ यायला आषाढ संपायला हवा. काही गरज नाही! आषाढाच्या पहिल्या दिवशीही श्रावण पुढचाच महिना असतो, विरहातल्या माणसाला तो जवळच वाटणार. संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक असं मांडलं, तिथल्या आषाढातल्या टेकडीवर उभं राहून बघा, नभस् म्हणजे ढग हे कोशाशिवाय कळेल.

आणि माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट म्हणजे ढगाचं आकाश होणं आपल्याकडे एकदा नाही तर दोनदा झालंय. नभस् आधी ढग, मग आकाश. त्याच कुळातला मानला जाणारा अभ्र, तोही आधी ढग, त्याचं मराठीत झालं आभाळ. आता आभाळ म्हणजे काय? 'आभाळ निळं आहे' म्हटलं तर आकाश, पण 'आभाळ आलंय, कपडे आत घ्या' म्हटलं तर ढग. मराठी माणूस दोन्ही अर्थ एका दमात वापरतो आणि कधी अडखळत नाही. फारसी-उर्दूतला अब्र म्हणजे ढग तोही याच अभ्राचा भाऊ. इंग्रजीत बघायला गेलं तर स्काय हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि तिथे त्याचा अर्थ ढगच होता! ढग बघत बघत माणसं सगळीकडे त्याच्या मागच्या निळ्याला तेच नाव देत गेली.

आता नेब्युलसला हा 'आकाराला न आलेलं' अर्थ कुठून आला यावर माझं स्वतःचं एक मत आहे. शब्दकोशवाले सांगतात धुकं, मग धुक्यासारखं, मग अस्पष्ट, झालं. मला हे अपुरं वाटतं. माझ्या मते हा अर्थ दुर्बिणीतून आला. दुर्बिणीच्याही आधी, दहाव्या शतकात, अल-सूफी या खगोलशास्त्रज्ञाने देवयानी (अँड्रोमेडा) तारकासमूहातला धुरकट ठिपका 'छोटा ढग' म्हणून नोंदवला. अशा ठिपक्यांनाच पुढे नेब्युला म्हणू लागले. मेसिये या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला धूमकेतू शोधायचे होते आणि असे धुरकट ठिपके त्याला फसवायचे म्हणून त्याने त्यांची यादीच केली, 1774 मध्ये पहिली छापली, 1781 पर्यंत ती शंभराच्या वर गेली. त्यातल्या तेराव्याला, म्हणजे एम 13 ला, त्याने तारे नसलेला नेब्युला म्हटलं, पुढे हर्शेलच्या मोठ्या दुर्बिणीत तिथे ताऱ्यांचा गच्च पुंजका निघाला. खुद्द देवयानीचा तो नेब्युला तर 1920 च्या दशकात हबलच्या मोजमापानंतर अख्खी वेगळी दीर्घिका (गॅलेक्सी) ठरला. आणि मधल्या काळात कांटने 1755 मध्ये आणि लाप्लासने 1796 मध्ये मांडलं की सूर्यमालाच अशा फिरत्या मेघातून घट्ट होत होत बनली. म्हणजे नेब्युला म्हणजे काय, तर आहे हे नक्की, दिसतंय पण, कड मात्र नाही, आणि त्यातून पुढे काहीतरी ठोस निघेल अशी शक्यता. कल्पनेला, योजनेला, धोरणाला नेब्युलस म्हणायची सवय इंग्रजीत 19 व्या शतकात लागली, नेमकी लाप्लासची मांडणी सगळ्यांच्या तोंडी असताना, हा मला योगायोग वाटत नाही. म्हणूनच नेब्युलसच्या आधी 'स्टिल' इतका शोभतो. नुसत्या धुक्यात 'अजून' कुठून येणार?

याच घरातले आणखी दोन जण रोजच्या वापरात आहेत आणि कुणाचं लक्ष नाही. दम्याच्या पोराला लावतात तो नेब्युलायझर, औषधाचं धुकं करणारा. आणि पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की रिपोर्टमध्ये एनटीयू हे गढूळपणाचं एकक असतं, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 1 एनटीयू पर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर 5 पर्यंत चालतं, त्या एनटीयूमधला एन म्हणजे नेफेलोमेट्रिक, ग्रीक नेफेली, ढग. गढूळपणा ढगात मोजतात!

राहिलं मराठीत काय म्हणायचं ते. व्हेगला मोघम, याहून चांगला शब्द नाही. (मोघम हा संस्कृत 'मोघ' म्हणजे व्यर्थ यावरून आला असं जे सांगतात त्यांनी अरबी 'मुब्हम'कडे बघावं, अर्थ तंतोतंत तोच, अस्पष्ट, अनिश्चित. मोघम बोलणारा माणूस व्यर्थ बोलत नसतो, मुद्दाम हातचं राखून बोलत असतो.) अँबिग्युअसला द्वयर्थी किंवा संदिग्ध. आणि नेब्युलसला धूसर, 'योजना अजून धूसर आहे', किंवा सरळ 'योजनेला अजून आकार आलेला नाही'. संदिग्ध तिथे नको. संदिग्धमधला दिह् धातू म्हणजे लेपणं, सारवणं, दोन गोष्टी एकमेकींत लिंपल्या गेल्या की संदिग्ध होतं, म्हणजे आधी दोन गोष्टी हव्यात. धूसर योजनेत अजून एकही नाही.