गॅस महागला तेव्हा मी अल्माटीत होते

प्रिय नूपुर,

तुझा मेल आला तेव्हा मी देवगडला घरी पोचले होते. महिनाभर सुट्टी आहे, म्हणून घाईत दोन ओळी न खरडता सावकाश लिहिते. तू लिहिलंस की कझाकस्तानात अल्माटीला एमबीबीएसचा प्रवेश जवळजवळ ठरलाय, पण आईने जानेवारी २०२२ चे व्हिडिओ पाहिले, पेटलेली इमारत आणि रस्त्यावर लष्कर, आणि आता ती ‘नको’ म्हणतेय. ‘ताई, तू तेव्हा तिथेच होतीस. गॅसच्या भावावरून एवढं कसं झालं? परत झालं तर आम्ही काय करायचं?’ हे तुझे प्रश्न. फी, मेस, थंडी हे सगळं फोनवर बोलू. ते सोपं आहे.

आधी कारण सांगते, कारण तुझ्या आईला ते आंदोलक दंगेखोर वाटतायत आणि मला ते सहन होत नाही. कझाकस्तानच्या पश्चिमेला, कॅस्पियन समुद्राकडे मंगिस्ताउ नावाचा प्रांत आहे. देशाचं बरंच तेल तिथून निघतं. तिथल्या बहुतेक गाड्या एलपीजीवर चालतात, कारण तो पेट्रोलपेक्षा स्वस्त पडायचा. सरकारने भावावरचं नियंत्रण टप्प्याटप्प्याने काढून घेतलं आणि १ जानेवारी २०२२ पासून गॅस बाजारभावावर सोडला. लिटरला ६० टेंगे (तिथलं चलन) होता तो एका रात्रीत १२० झाला. २ तारखेला झानाओझेन या तेलाच्या गावात माणसं रस्त्यावर उतरली. ज्या जमिनीतून तेल निघतं तिथेच इंधन परवडेनासं झालं, हा त्यांचा राग होता.

तुझ्या घरी बोट नाही, पण तू खाडीकाठची आहेस, तुला हे समजावून सांगायला नको. माझ्या बाबांच्या बोटीचा हिशेब मी लहानपणापासून बघत आलेय. आधी डिझेल, मग बर्फ, मग खलाशांचा वाटा, आणि उरलं तर घर. डिझेल वाढलं आणि डिझेलवरच्या करपरताव्याचे पैसे मच्छीमार सोसायटीत अडकून राहिले की बोट किनाऱ्याला लागून राहते. झानाओझेनचा टॅक्सीवाला आणि आपला तांडेल यांच्यात मला फरक दिसत नाही. दोघांचा दिवस टाकीवर उगवतो.

त्या गावाला आणखी एक आठवण होती. १६ डिसेंबर २०११ ला तिथेच संपावर गेलेल्या तेल कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या, डझनाहून जास्त माणसं गेली. त्याला नुकती दहा वर्षं झाली होती. तरी माणसं चौकात बसली, आणि झानाओझेनमध्ये यावेळी आंदोलन शांततेतच राहिलं. सगळ्यात जास्त रक्त सांडलं ते तिथून जवळजवळ दोन हजार किलोमीटर दूर, आमच्या अल्माटीत.

आता तारखा नीट लक्षात घे, कारण मला तुला जे मुख्य सांगायचंय ते तारखांमध्येच आहे. ४ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी मंगिस्ताउत गॅस ५० टेंग्यांवर आणायचं जाहीर केलं. म्हणजे मूळ भावापेक्षाही खाली. ५ तारखेला सकाळी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मागणी पूर्ण झाली होती. आम्ही मुली खोलीत म्हणालो, चला, मिटलं. आणि त्याच दिवशी अल्माटीत महापालिकेची इमारत पेटली, विमानतळ आंदोलकांच्या ताब्यात गेला, आणीबाणी लागली आणि संध्याकाळी गोळ्यांचे आवाज सुरू झाले.

आपल्याकडे आपण असं धरून चालतो की सरकार नमलं की मोर्चा घरी जातो. तिथे तोवर गोष्ट गॅसची राहिलीच नव्हती. तीस वर्षांचा साचलेला राग होता, सत्तेतल्या माणसांची आपसातली भांडणं होती, आणि त्यात लुटालूट करणारेही घुसले. गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख करीम मासिमोव यांना त्याच आठवड्यात अटक झाली आणि २०२३ मध्ये देशद्रोहाच्या आरोपाखाली १८ वर्षांची शिक्षा झाली. आत नेमकं काय शिजलं होतं हे सामान्य माणसाला कळायला मार्ग नव्हता, आणि परदेशी विद्यार्थिनीला तर नाहीच. म्हणून ‘भाव उतरला’ ही बातमी आली की खिडकी उघडू नकोस. अजून दोन आठवडे गप्प राहा.

पोलिसांबद्दल तू विचारलंस. ४ तारखेच्या रात्री आधी अश्रुधूर आणि स्टन ग्रेनेड होते. मी रिपब्लिक स्क्वेअर या मुख्य चौकापासून पायी अर्ध्या तासावर राहत होते. तो धाड्‌धाड् आवाज आमच्या काचांना जाणवायचा. ५ तारखेला कित्येक तास रस्त्यावर पोलीस दिसतच नव्हते, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं. दुकानं फुटत होती आणि कोणी नव्हतं. मग लष्कर आलं. ६ तारखेपासून रशियाच्या पुढाकाराने मित्रदेशांचं सैन्य उतरलं, सुमारे अडीच हजार. त्याच संध्याकाळी चौकात काही माणसं ‘आम्ही साधी माणसं आहोत, अतिरेकी नाही’ अशा अर्थाचा मोठा फलक धरून उभी होती. त्यांच्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या. ७ तारखेला राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवर सांगितलं की इशारा न देता ठार मारण्यासाठी गोळी चालवायचा आदेश दिलाय. त्याच दिवशी अल्माटीत गाडीतून जाणारी चार वर्षांची मुलगी गोळी लागून गेली. सरकारने पुढे जाहीर केलेला मृतांचा आकडा २३८ आहे. पकडलेले दहा हजारांच्या आसपास होते. कोठडीत मारहाण, इस्त्रीचे चटके, असे छळ झाल्याच्या तक्रारी आल्या आणि काही प्रकरणांत पोलिसांना शिक्षाही झाल्या.

आकडे वाचून घाबरवायचा हेतू नाही. तू राजापूर तालुक्यातली आहेस. २०११ मध्ये साखरी नाट्याला जैतापूर प्रकल्पावरून गोळीबार झाला, एक मच्छीमार गेला, तेव्हा तू खूप लहान होतीस. पण एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या माती परीक्षणाला विरोध करणाऱ्या बायका तू पाहिल्यास, अश्रुधुराची नळकांडी पाहिलीस. पोलीस गर्दीवर काय करू शकतात हे तुला कोणी शिकवायला नको. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे: बारसूला तू उभी असतीस तर पोलीस ठाण्यापर्यंत तुझ्या मागे गाव आलं असतं. कोणाचा तरी भाऊ हवालदार असतो, कोणी वकील असतो, सरपंच असतो, पत्रकार असतो, निदान तू कोणाची मुलगी हे सांगणारं कोणीतरी असतं. अल्माटीच्या नाक्यावर तू कोणाचीच कोणी नाहीस. तुझ्या हातात पासपोर्ट आहे आणि तोंडात मोडकी रशियन आहे, बस.

याचं एक उदाहरण तुझ्या आईलाही वाचून दाखव. विक्रम रुझाखुनोव नावाचा किरगिझस्तानचा जॅझ पियानोवादक तेव्हा अल्माटीत होता. त्याला पकडलं आणि ९ तारखेला टीव्हीवर दाखवलं. चेहरा सुजलेला, काळानिळा, आणि तो म्हणतोय की मी बेकार आहे, मला दोनशे डॉलर देऊन मोर्चात पाठवलं. त्याच्या देशातल्या लोकांनी त्याला लगेच ओळखलं, गहजब झाला, म्हणून तो सुटला. नामवंत होता म्हणून ओळखला गेला. तुला मला कोण ओळखणार? अशा वेळी सरकारला ‘बाहेरून आलेली माणसं’ हवी असतात, आणि बाहेरून आलेलं माणूस म्हणजे आपण. त्या देशाच्या २०२० च्या कायद्याप्रमाणे सभा-मोर्चात भाग घ्यायचा हक्क फक्त नागरिकांना आहे, तोही आधी कळवून आणि ठरवून दिलेल्या जागीच. त्यामुळे ‘मी नुसती बघत होते’ याला तिथे अर्थ नाही. आपल्याकडे गर्दी दिसली की काय चाललंय बघायला पुढे जायची सवय असते. ती सवय मुंबई विमानतळावर सोड.

आता आमचे ते दिवस. ५ तारखेला इंटरनेट गेलं. सुरुवातीला वाटलं वायफाय बिघडलं. मग कळलं की सगळ्या शहराचं गेलंय. तिथे भाजीपासून भाड्यापर्यंत सगळं एका कास्पी नावाच्या ॲपवर चालतं, आताही. नेट नाही म्हणजे पैसे नाहीत. आमच्या तिघींकडे मिळून सहा हजार टेंगे रोख होते, आणि खालचा दुकानदार फक्त रोखीने पाव देत होता, तोही माणशी एक. रात्री ११ ते सकाळी ७ संचारबंदी. पाणी आणि वीज आमच्याकडे चालू होती हे नशीब.

घरमालकीणबाई, आम्ही त्यांना ‘अपाय’ म्हणायचो, तिथे मोठ्या बाईला तसंच म्हणतात, त्या ६ तारखेला दोन नान आणि घोड्याच्या मांसाचा तुकडा घेऊन आल्या. आम्ही मांस खात नाही हे आठवल्यावर परत जाऊन बटाटे घेऊन आल्या. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: खिडकीशी दिवा लावू नका, फोनने बाहेरचं काही टिपू नका, आणि बेल वाजली तर आधी मला हाक मारा. मी आजही त्यांच्याकडे नौरुजला, म्हणजे तिथल्या वसंताच्या सणाला, जाते.

दुसरी गोष्ट बरोबर होती हे आठवड्याभराने कळलं. आमच्या वर्गातल्या एका मुलाला नाक्यावर थांबवून त्याच्या फोनमधले फोटो एकेक करून तपासले. त्याने खिडकीतून काढलेला धुराचा एक व्हिडिओ होता. चार तास बसवून ठेवलं. सोडलं, पण तो मुलगा पुढचे कित्येक दिवस बोलत नव्हता.

आणि घरचे. ७ तारखेला मध्येच थोडा वेळ नेट आलं, तेव्हा माझा एकच मेसेज गेला: ‘बरी आहे’. तोवर बाबा दोन दिवस बंदरावर गेलेच नव्हते, टीव्हीसमोर बसून होते. आठवड्याने पहिल्यांदा आवाज ऐकू आला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘बाय, खंय आसस?’ मी खोलीत आहे म्हटलं. ते परत तेच विचारत राहिले. मी नंतर समजले, त्यांना उत्तर नको होतं, आवाज हवा होता. तुझ्या आईची भीती मी हलकी धरत नाही ती यामुळे. तिला आधीच सांगून ठेव की असं काही झालं तर चार-पाच दिवस माझा फोन लागणार नाही, आणि न लागणं म्हणजे वाईट बातमी नव्हे. आम्ही हे सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यात मोठा त्रास त्याचा झाला.

ज्या एजंटामार्फत आम्ही गेलो होतो त्याचा फोन त्या दिवसांत एकदाही लागला नाही, आणि नेट आल्यावर त्याने ग्रुपवर ‘सब नॉर्मल है’ एवढंच टाकलं. त्याच्या भरवशावर राहू नकोस. गेल्या गेल्या भारतीय दूतावासाकडे नोंदणी कर, परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नाव घाल. दूतावास अस्तानाला आहे, अल्माटीपासून फार लांब, त्यामुळे नंबर कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेव. फोन बंद पडला की फोनमधला नंबर कामाचा नाही. पासपोर्ट आणि राहण्याच्या नोंदणीचा कागद कायम अंगावर. घरात निदान पंधरा दिवसांचे पैसे रोख, सुट्टे. तांदूळ, डाळ, पिण्याचं पाणी, तुझी नेहमीची औषधं. शहराचा नकाशा नेट नसताना उघडेल असा उतरवून घे. वर्गातल्या मुलींशी ठरवून ठेव की नेट गेलं तर कोणाच्या खोलीत जमायचं. रशियन पहिल्या सहा महिन्यांत बोलण्यापुरती शिक, नुसत्या परीक्षेसाठी नको. नाक्यावरच्या शिपायाला ‘मी विद्यार्थिनी आहे, घरी चाललेय’ हे शांतपणे सांगता येणं फार मोलाचं आहे.

परत येण्याचं म्हणशील तर तेव्हा अल्माटीचा विमानतळ १३ जानेवारीला सुरू झाला. आमच्यातल्या काही जणी मिळेल त्या विमानाने निघाल्या. मी थांबले. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण एक माहिती असू दे: नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे आपल्याकडे डॉक्टर म्हणून नोंदणीसाठी निदान ५४ महिन्यांचं शिक्षण आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप बाहेरच्या त्याच कॉलेजात पूर्ण लागते, आणि घरी बसून ऑनलाइन शिकलेलं त्यात धरून चालता येत नाही. म्हणून घाबरून वर्ष सोडून येण्याआधी कॉलेजकडून लेखी घे की गैरहजेरी कशी भरून काढणार.

त्यानंतर मी तिथेच राहिले, नोकरी केली. १९ जानेवारीला आणीबाणी उठली, चौक धुतला गेला, वसंतात सफरचंदांना फुलं आली. शहर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, मुली रात्री मेट्रोने एकट्या येतात. पण २०२२ बद्दल तिथली माणसं अजून दार लावून बोलतात. तू स्वतःहून विषय काढू नकोस. कोणी सांगू लागलं तर ऐक.

मी गणपती होईपर्यंत इथेच आहे. आईला घेऊन एक दिवस ये, विजयदुर्गावरून तासाभराचा रस्ता आहे. बाबाही घरीच असतात हल्ली, बोट आता दादा नेतो. तिला जे विचारायचंय ते त्यांनाही विचारू दे.

तुझी,
ताई